उमरावकी नाकारणारा वारसदार

टोनी बेन गेले १४ मार्च २०१४ला, लंडनमधल्या आपल्या घरी, वयाच्या ८८व्या वर्षी. अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्यांची शवपेटी पार्लमेंटच्या इमारतीखालच्या सेंट मेरी अंडरक्रॉफ्ट या चॅपेलमध्ये ठेवली होती. अलीकडच्या काळात हा मान त्यांच्याआधी एकाच राजकारण्याला मिळाला होता, तोही आदल्याच वर्षी: मार्गारेट थॅचर यांना. चॅपेल राजघराण्याच्या अखत्यारीतलं असल्याने राणीची संमती लागली, आणि राणीने ती दिली. ज्याने ब्रिटनमधली राजेशाही संपवण्याचं विधेयक १९९१ साली मांडलं आणि थॅचरबाईंच्या धोरणांशी उभा दावा धरला, त्याची पार्लमेंटमधली शेवटची रात्र राणीच्या परवानगीने आणि थॅचरबाईंच्या पाठोपाठ पार पडली. बेन यांना याची गंमत वाटली असती. पाइप शिलगावून त्यांनी हा किस्सा पुढची दहा वर्षं सभांमधून सांगितला असता.

त्याच चॅपेलला लागून झाडू-बादल्या ठेवायची एक अंधारी खोली आहे. १९११च्या जनगणनेच्या रात्री एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही मताधिकारवादी बाई तिथे लपून बसली होती. जनगणनेच्या कागदावर आपला त्या रात्रीचा पत्ता ‘हाऊस ऑफ कॉमन्स’ असा लागावा, एवढाच तिचा हेतू. बायकांना मत नाही, तर निदान पत्ता तरी तिथला असू दे. दोन वर्षांनी, १९१३मध्ये, डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्याखाली येऊन ती मेली. तिच्या नावाची पाटी पार्लमेंटमध्ये कुठेच नव्हती. बेन यांनी ती स्वतःच तयार करून घेतली आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या खोलीच्या दारामागे स्वतःच बसवली. मदतीला होते जेरेमी कॉर्बिन, जे पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. जवळपास पन्नास वर्षं खासदार राहिलेल्या आणि अकरा वर्षं मंत्रिपदं सांभाळलेल्या माणसाला त्या इमारतीत काय करावंसं वाटलं, हे मला या पाटीवरून जास्त कळतं.

बेन यांची ओळख जगाला दोन गोष्टींनी आहे: उमरावकी फेकून देणारा पहिला इंग्रज, आणि मजूर पक्षाचा कट्टर डावा. दोन्ही खऱ्या. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं की एक वेगळंच दिसतं. जन्माने मिळालेली सत्ता या एका गोष्टीवर ज्याने आयुष्यभर हल्ला चढवला, तो स्वतः मात्र आपल्या आईबापांचा इतका पक्का वारसदार होता की त्याचा समाजवाद, त्याचा हट्ट, त्याची नोंदी ठेवायची सवय, फार काय त्याचं दारूला न शिवणं, सगळं घरूनच आलेलं होतं. घरातून आलेल्या सगळ्या गोष्टी त्यांनी घेतल्या. नाकारली ती एकच, जी सरकारी कागदावर होती.

अँथनी नील वेजवुड बेन यांचा जन्म ३ एप्रिल १९२५चा, वेस्टमिन्स्टरमधल्या मिलबँकवरचा. पार्लमेंट घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. दोन्ही आजोबा लिबरल पक्षाचे खासदार. वडिलांचे वडील जॉन बेन हे लाकूडसामानाच्या धंद्याचं ‘कॅबिनेट मेकर’ नावाचं मासिक काढून वर आलेले, पुढे लंडन काउंटी काउन्सिलचे अध्यक्ष झालेले. म्हणजे हे घराणं नॉर्मन सरदारांच्या वंशातलं नव्हतं. ज्यांच्या किल्ल्यावर शेवाळ चढलंय आणि ज्यांच्या कुळाच्या नावाने एखादा परगणा आहे, अशांत त्यांची गणना नव्हती. धर्माने ते काँग्रिगेशनलिस्ट, म्हणजे अधिकृत इंग्लिश चर्चबाहेरचे, बिशपांची सत्ता न मानणारे. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण बेन यांचा राजकीय स्वभाव मार्क्सच्या आधी चॅपेलच्या बाकावर घडला.

आई मार्गारेट यांचा त्यात मोठा वाटा. हिब्रू शिकलेल्या, धर्मशास्त्राच्या अभ्यासक, बायकांनाही धर्मोपदेशक होता आलं पाहिजे म्हणून झगडणाऱ्या. त्यावरून खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्यांना समज दिली होती. त्या मुलाला बायबलच्या गोष्टी सांगत तेव्हा बजावत की या सगळ्या कथा राजे आणि प्रेषित यांच्या भांडणाच्या आहेत. राजांकडे सत्ता असते, प्रेषितांकडे नीती. तू आपला प्रेषितांच्या बाजूने राहा. बेन यांनी ही गोष्ट म्हातारपणापर्यंत शेकडो सभांमधून सांगितली. काहींना ती भाबडी वाटली. मला वाटतं, त्यांना ती मनापासून पटली होती, आणि त्यांची सगळी ताकद व सगळी अडचणही त्यातच होती. स्वतः प्रेषिताच्या बाजूचे आहोत असं एकदा धरलं की समोरचा प्रत्येक जण राजाचा माणूस दिसू लागतो.

वडील विल्यम वेजवुड बेन यांच्याकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहायला हवं. १९०६ साली लिबरल म्हणून निवडून आलेला हा माणूस पहिल्या महायुद्धात लढला, विमानात बसून लढल्याबद्दल पदकं मिळवली, आणि १९२७ साली मजूर पक्षात आला. पक्ष बदलला तेव्हा मतदारांनी आपल्याला लिबरल म्हणून निवडलं होतं, असं म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. (हे वाक्य लिहिताना महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाच्या डोळ्यांसमोर काय काय येईल ते मी लिहीत नाही.) पुढच्या वर्षी ॲबरडीनमधून ते पुन्हा निवडून आले. आणि जून १९२९मध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या मंत्रिमंडळात ते भारतमंत्री झाले.

त्या दोन वर्षांत भारतात काय काय झालं ते आठवून पाहा. ऑक्टोबर १९२९मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी वसाहतीच्या स्वराज्याचं जे जाहीर आश्वासन दिलं, त्यामागे वेजवुड बेन होते, आणि लंडनमध्ये त्यावर चर्चिल वगैरे मंडळी तुटून पडली तेव्हा कॉमन्समध्ये त्यांनीच ते उचलून धरलं. मग दांडी, मिठाचा सत्याग्रह, आणि मे १९३०मध्ये गांधीजींची अटक. त्यांना खटला न चालवता येरवड्यात ठेवलं गेलं, १८२७च्या एका जुन्या कायद्याखाली. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि १२ मेपासून शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली ती १२ जानेवारी १९३१ला. त्याच वेळी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी बोलत होते, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर राज्यघटनेच्या मसुद्यांवर वाद घालत होते, आणि यजमानांमध्ये भारतमंत्री वेजवुड बेन होते. परिषद आठवड्याभरात संपली. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि त्याच महिन्यात भगतसिंग फासावर गेले.

इतिहासात वेजवुड बेन यांना ‘भारताचा मित्र’ म्हणतात. तसे ते होतेही; त्यांच्या जागी बर्कनहेडसारखा एखादा कट्टर साम्राज्यवादी असता तर गोलमेज झालीच नसती. पण चांगला माणूस वाईट यंत्राच्या माथ्यावर बसला की यंत्र चांगलं होत नाही, हे सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात उभं राहिलं की कळतं. मुलाने, म्हणजे टोनी बेन यांनी, मोठेपणी व्यवस्थेबद्दल जे कडवटपणे बोलायला सुरुवात केली, त्याचं मूळ त्यांनी स्वतः बापाच्या या अनुभवात शोधलं की नाही ठाऊक नाही; पण शोधलं असतं तर सापडलं असतं.

पाच-सहा वर्षांच्या टोनीने मात्र त्या काळातल्या दोन भेटी आयुष्यभर सांगितल्या. एक, पंतप्रधानांच्या घरी रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी चॉकलेटचं बिस्किट दिलं ती. तेव्हापासून मजूर पक्षाच्या नेत्यांकडून चॉकलेट बिस्किट मिळालं की मी सावध राहतो, असं ते म्हणत. दुसरी, १९३१ साली लंडनला आलेल्या गांधीजींची. तोपर्यंत वडील मंत्री राहिले नव्हते. मॅकडोनाल्ड यांनी टोरींशी, म्हणजे हुजूर पक्षाशी, हातमिळवणी करून सरकार बनवलं तेव्हा वेजवुड बेन त्यात गेले नाहीत आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत आपली जागा गमावून बसले. बिस्किटाबद्दलचा संशय मुलाने घेतला तो असा उगाच नव्हे.

१९४२ साली वडील लॉर्ड झाले. युद्धकाळात मजूर पक्षाला वरच्या सभागृहात माणसं हवी होती, एवढंच कारण. एसेक्समधल्या ब्लॅकवॉटरच्या खाडीकाठी घर होतं, त्या जागेच्या नावावरून पदवी ठरली: व्हायकाउंट स्टॅन्सगेट. स्वीकारण्याआधी त्यांनी थोरल्या मुलाला, मायकेलला, विचारलं. मायकेल पाद्री होणार होता, त्याची काही हरकत नव्हती. धाकट्या टोनीला विचारायचा प्रश्नच आला नाही. मग जून १९४४मध्ये हवाई दलात वैमानिक असलेला मायकेल विमान अपघातात गेला, आणि कुणी न विचारलेला टोनी वारस झाला. त्याच काळात वडील स्वतः, साठी कधीच ओलांडलेली असताना, पुन्हा हवाई दलात भरती झाले होते आणि वरिष्ठांनी रोखेपर्यंत मशीनगन घेऊन विमानातून जात होते. असलं घर. टोनीनेही विमान चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं, ऱ्होडेशियात; गोऱ्यांची वसाहत आतून कशी असते ते तिथे पाहिलं.

१९५० साली ब्रिस्टल साउथ-ईस्टच्या पोटनिवडणुकीत पंचवीस वर्षांचे टोनी बेन निवडून आले. जागा स्टॅफर्ड क्रिप्स यांची, म्हणजे १९४२ साली ‘क्रिप्स योजना’ घेऊन दिल्लीला आलेले तेच. सभागृहातले सगळ्यात तरुण खासदार. पण डोक्यावर तलवार टांगलेली होती: वडील गेले त्या क्षणी मुलगा आपोआप लॉर्ड होणार, आणि लॉर्डला कॉमन्समध्ये बसता येत नाही. नको म्हणण्याची सोय कायद्यातच नव्हती. बाप जिवंत असतानाच बापलेकांनी मिळून ही अडचण दूर करायचा प्रयत्न चालवला होता. १९५५मध्ये विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. वडील १७ नोव्हेंबर १९६०ला गेले. दुःख करायला वेळ मिळण्याआधीच बेन खासदार राहिले नाहीत. पगार थांबला, आणि सभागृहाच्या दारावर त्यांना अडवायच्या सूचना गेल्या.

पुढची अडीच वर्षं म्हणजे ब्रिटिश राजकारणातला एक मजेदार, आणि थोडा संतापजनक, फार्स आहे. जागा रिकामी झाली म्हणून ४ मे १९६१ला पोटनिवडणूक झाली. उभे राहायला कायद्याने अपात्र ठरलेले बेन उभे राहिले. विरोधकांनी मतदारांना सूचना लावल्या की या माणसाला दिलेलं मत वाया जाईल. चर्चिल यांनी, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी बापाला सळो की पळो केलं होतं त्यांनीच, मुलाच्या बाजूने पत्र दिलं. ब्रिस्टलच्या लोकांनी बेन यांना २३,२७५ मतं दिली, टोरी उमेदवार माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. मताधिक्य आधीच्या निवडणुकीच्या दुपटीहून जास्त. बेन निवडून आले आणि पार्लमेंटच्या दारावर पोचले, तर दारवानाने आत सोडलं नाही. पुढे दोन न्यायाधीशांपुढे निवडणुकीचा खटला चालला. बेन यांनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली आणि हरले. मतदारांना अपात्रता माहीत होती, तरी त्यांनी मतं दिली, तेव्हा ती मतं फेकलेलीच समजायची, असा निकाल. दहा हजार मतंवाले सेंट क्लेअर खासदार झाले. खटल्याचा खर्चही बेन यांच्याच डोक्यावर बसला. गंमत म्हणजे हे सेंट क्लेअर स्वतःही एका उमरावपदाचे वारस होते.

पार्लमेंटबाहेर काढलेला हा खासदार तेव्हा स्वस्थ बसला नव्हता. १९६३च्या वसंतात ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या लोकांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घ्यायला नकार दिला, आणि पॉल स्टीफनसन या तरुणाने बस-बहिष्कार पुकारला. तिथल्या कामगार संघटनेचाही या बंदीला पाठिंबा होता. बेन त्या बहिष्काराच्या बाजूने उघड उभे राहिले. कंपनीला माघार घ्यावी लागली. बेन यांच्या आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगांत हा फारसा मोजला जात नाही, मोजायला हवा.

अखेर सरकारला लाज वाटली, किंवा सोय कळली. १९६३चा पीअरेज कायदा आला. ३१ जुलैला संध्याकाळी सहाच्या सुमारास राणीची मोहोर लागली, आणि ६ वाजून २२ मिनिटांनी बेन यांनी उमरावकी सोडली. त्या कायद्याने सुटका झालेले ते पहिले. सेंट क्लेअर यांनी आधीच शब्द दिला होता त्याप्रमाणे जागा रिकामी केली, ऑगस्टमध्ये बेन परत निवडून आले.

आणि मग इतिहासाने बेन यांना एक जबर टोला हाणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोरी पंतप्रधान मॅकमिलन आजारी पडून पायउतार झाले, आणि टोरींनी नेता म्हणून कुणाला निवडावं? होम घराण्याचे चौदावे अर्ल, लॉर्ड होम यांना. बेन यांच्या कायद्याचा फायदा घेऊन चौदावे अर्ल सर ॲलेक डग्लस-होम झाले आणि ब्रिटनचे पंतप्रधान. मजूर पक्षाच्या एका समाजवाद्याने झगडून मिळवलेला हक्क सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो स्कॉटिश सरदाराला. दोन आठवड्यांहून अधिक काळ पंतप्रधान दोन्ही सभागृहांपैकी कुठेच नव्हते. आपण कायदा कशासाठी करतो आणि तो कोणाच्या कामाला येतो, या विषयावर यापेक्षा चांगलं उदाहरण नसेल.

हा सगळा झगडा बेन यांनी एकट्याने लढला नव्हता. कॅरोलिन डीकॅम्प या अमेरिकन मुलीशी त्यांची ओळख १९४८च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये चहाच्या निमित्ताने झाली. नऊ दिवसांनी एका बाकावर बसून त्यांनी लग्नाचं विचारलं. एवढ्या घाईने ठरलेलं लग्न पन्नास वर्षांहून जास्त टिकलं. नंतर तो बाकच त्यांनी ऑक्सफर्डच्या नगरपालिकेकडून विकत घेतला आणि लंडनच्या घराच्या बागेत आणून ठेवला. कॅरोलिन सिनसिनाटीच्या सधन घरातल्या होत्या. पुढे बेन यांना ‘श्रीमंत समाजवादी’ म्हणून डिवचणाऱ्यांना त्यांच्या पैशांचा मोठा आधार झाला. पण बाईंचं स्वतःचं काम मोठं होतं. मुलांना अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन चांगल्या आणि दुय्यम शाळांत वाटण्याची पद्धत जावी, सगळ्यांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा असावी, यासाठी त्यांनी आयुष्य दिलं. बेन वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये शिकले. त्यांची चारही मुलं, स्टीफन, हिलरी, मेलिसा आणि जोशुआ, हॉलंड पार्कच्या सरकारी शाळेत. समाजवादी म्हणवून मुलांना खासगी शाळेत घालणारे खासदार तेव्हाही होते. बेन त्यांतले नव्हते.

मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांच्या सरकारात १९६४ साली बेन पोस्टमास्टर जनरल झाले आणि तिथे एक छोटी लढाई हरले. टपाल तिकिटावर राणीचं मस्तक का हवं, असा त्यांचा प्रश्न. चित्रकार डेव्हिड जेंटलमन यांच्याकडून त्यांनी राणीविना नमुने करवून घेतले, बकिंगहॅम राजवाड्यात गेले आणि जमिनीवर गुडघे टेकून ते राणीसमोर पसरून दाखवले. राणीने सौजन्याने पाहिले. मग राजवाड्याकडून पंतप्रधानांमार्फत हळूच कळलं की हे चालायचं नाही. तडजोड म्हणून मस्तक लहान होत तिकिटाच्या कोपऱ्यात एक छोटी छायाकृती उरली. पोस्टाने सामान्य लोकांसाठी सुरू केलेल्या जायरो बँकेची पायाभरणीही त्यांचीच. मग तंत्रज्ञानमंत्री, काँकॉर्ड विमानाचा पुरस्कर्ता. १९७४ नंतर उद्योग आणि ऊर्जा. उद्योगमंत्री असताना बंद पडणारे कारखाने कामगारांच्या सहकारी संस्थांकडे देण्याचा त्यांनी प्रयोग केला. मेरिडेनला ट्रायम्फ मोटारसायकलचा कारखाना कामगारांनी काही वर्षं चालवला. बहुतेक प्रयोग टिकले नाहीत.

१९७३मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता आपल्याला वेजवुड बेन म्हणू नका, नुसतं टोनी बेन म्हणा. वर्तमानपत्रांनी हसून घेतलं. ‘वेजवुड’वरून पडलेलं ‘वेजी’ हे टोपणनाव मात्र चिकटूनच राहिलं.

युरोपीय समाईक बाजारातून बाहेर पडावं की राहावं यावर सार्वमत घ्या, हा आग्रह बेन यांचाच. १९७५ साली ते घेतलं गेलं, आणि दोन तृतीयांश मतदारांनी त्यांच्या विरोधात कौल दिला. निकाल आल्यावर त्यांनी तो मान्य केला, कारण लोकांना विचारलं गेलं होतं. पुढे ४१ वर्षांनी तोच प्रश्न तशाच सार्वमताने परत विचारला गेला आणि उलटं उत्तर आलं, ते पाहायला ते नव्हते. असते तर खूश झाले असते की हादरले असते, यावर त्यांचे चाहते अजून भांडतात.

आता कटू गोष्ट. १९७९च्या पराभवानंतर बेन मजूर पक्षातल्या डाव्यांचे नायक झाले आणि १९८१ साली त्यांनी उपनेतेपदासाठी डेनिस हीली यांना आव्हान दिलं. सप्टेंबरच्या ब्रायटन अधिवेशनात हीली जिंकले ते एका टक्क्याहून कमी फरकाने. त्याच वर्षी पक्षातून चार माजी मंत्री बाहेर पडून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला. १९८३ला मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं मिळाली आणि बेन स्वतः ब्रिस्टलमधून पडले. पक्ष अठरा वर्षं सत्तेबाहेर राहिला तो सगळा काही बेन यांच्यामुळे नव्हे. पण त्या यादवीत त्यांचा हात मोठा होता, हे नाकारता येत नाही. एकदा पक्षातल्या सभांमध्ये टाळ्या मिळू लागल्या की तोच देशाचा आवाज, अशी त्यांची समजूत होत गेली. प्रेषिताच्या बाजूने उभं राहायचं आईचं वाक्य इथे त्यांना नडलं, असं मला वाटतं. १९८४च्या मार्चमध्ये ते चेस्टरफील्ड या कोळशाच्या पट्ट्यातल्या गावातून परत निवडून आले. खाणकामगारांचा वर्षभराचा संप सुरू होण्याच्या काही दिवस आधी.

म्हातारपण त्यांना लाभलं. २००१ साली राजकारणाला जास्त वेळ देता यावा म्हणून पार्लमेंट सोडतो आहे, असं म्हणत ते निवृत्त झाले. ही कल्पना मूळ कॅरोलिनची. ती पाहायला त्या नव्हत्या. २०००च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या होत्या. बेन यांनी मग देशभर सभा केल्या, चहाचा मग हातात. इराक युद्धाविरोधी आघाडीचे अध्यक्ष झाले आणि २००३च्या फेब्रुवारीत बगदादला जाऊन सद्दामची मुलाखतही घेतली. मुलाखत फिकी निघाली. इतक्या वर्षांत अधिकाऱ्यांना पेचात टाकणारा माणूस हुकूमशहासमोर मवाळ वाटला. सत्ता हातात असलेल्या कुणालाही विचारायचे म्हणून त्यांनी पाच प्रश्न घडवले होते: सत्ता किती, कुठून मिळाली, कोणासाठी वापरता, जबाब कोणाला देता, आणि तुम्हाला खाली कसं उतरवायचं. ते त्यांनी तिथे विचारले असते तर बरं झालं असतं.

शत्रूंशी त्यांचं वागणं मात्र चकित करणारं. स्थलांतरितांविरुद्ध भडक भाषण करणारे इनॉक पॉवेल यांच्याशी त्यांचे टोकाचे मतभेद होते, तरी १९९८ला पॉवेल गेले तेव्हा ते अंत्यविधीला हजर होते. वडिलांची एक सवयही त्यांनी शेवटपर्यंत जपली: हिशेब. वडील आपल्या रोजच्या वेळेचे तक्ते भरत. मुलाने रोजनिशी धरली, आधी लिहून, मग टेपरेकॉर्डरवर बोलून, आणि ती अनेक खंडांत छापली गेली. ब्रिटिश मंत्रिमंडळाची बैठक आतून कशी चालते ते कळण्यासाठी यापेक्षा जवळचा साक्षीदार थोडाच असेल.

दोन्ही आजोबा, वडील, स्वतः आणि मुलगा हिलरी मिळून चार पिढ्या कॉमन्समध्ये गेल्या. आपण याला घराणेशाही म्हणू. पण एक फरक दिसतो. आपल्याकडे मतदारसंघ सातबाऱ्यासारखा मुलाच्या नावावर होतो. टोनी बेन यांची जागा हिलरींना मिळाली नाही. हिलरी आधी ईलिंग नॉर्थमध्ये १९८३ आणि १९८७ अशा दोन निवडणुका हरले, मग १९९९ला लीड्समधून आले. तेव्हा मी बेन आहे, बेनपंथी नाही, असं ते स्पष्ट सांगत. टोनी बेन युद्धाविरोधी मोर्चात असताना हिलरी पंतप्रधान ब्लेअर यांच्या सरकारात होते आणि २००३च्या अखेरीस मंत्रिमंडळात आले. युरोपबद्दल तर बापलेक अगदी विरुद्ध टोकांना. तरी घर एकच राहिलं.

आता राहिली ती उमरावकी. १९६३च्या कायद्यातली एक बाब बऱ्याच जणांना माहीत नसते: पदवी सोडणारा ती स्वतःपुरती सोडतो, घराण्यासाठी नाही. टोनी बेन गेले त्या दिवशी थोरला मुलगा स्टीफन आपोआप तिसरे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. १९९९च्या कायद्याने वंशपरंपरागत लॉर्ड्सपैकी फक्त ९२ सभागृहात उरले होते आणि त्यांतली जागा रिकामी झाली की लॉर्ड्सपुरती पोटनिवडणूक होई. २०२१ला मजूर पक्षाची अशी जागा रिकामी झाली आणि स्टीफन बिनविरोध आत गेले. वडिलांनी ज्या सभागृहात बसायला आयुष्यातली अडीच वर्षं लढून नकार दिला, तिथे. ज्या सभागृहाच्या दारावर वडिलांना अडवलं, तिथे हिलरी बसत होते. २०२४च्या जुलैमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, हिलरी उत्तर आयर्लंडचे मंत्री झाले, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने उरलेल्या सगळ्या वंशपरंपरागत लॉर्ड्सना सभागृहाबाहेर काढण्याचं विधेयक मांडलं. ज्यांची जागा जाणार त्यांत हिलरींचा थोरला भाऊही होता.